फेस

ग्लास तिरका धरून ओतली
तर बिअरला फेस येत नाही.
हे मला शेट्टीअण्णानं पहिल्याच दिवशी शिकवलं
आणि वर बजावलं, असं कधी ओतायचं नाही.
गिऱ्हाईक फेसाचे पैसे देतंय बाबा,
पाणी त्याला घरीबी मिळतंय.

येळ्ळूर रोडला, शेवटच्या थांब्याच्या पुढं आमचा बार.
पाटीवर कानडी ठळक, मराठी मुंगीएवढी.
शनिवारचा बाजार उरकून येतात
उद्यमबागच्या फाउंड्रीतले, मच्छ्याचे, पिरनवाडीचे,
आणि बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळून पिणारे
रिटायर्ड कणबरकर मास्तर.

भिंतीवर टीव्ही. त्यात परदेशी कुस्ती.
चकचकीत चड्डीतला एकजण खुर्ची हाणतो,
दुसरा मरतो,
जाहिराती संपल्या की उठतो.
सगळ्यांना ठाऊक, आतून ठरलेलं असतंय,
तरी टेबलं बडवतात.
मास्तरसुद्धा.

ह्या दोन्हींवर माणसांचा एवढा जीव का?
काउंटर पुसताना मी ह्याचाच विचार करतो.
देशी पिऊन माणूस भावकीची जुनी भांडणं उकरतो,
बिअर त्याला नऊ वाजता घरी पाठवते,
स्वतःच्या पायांवर,
बायकोपुढं न्यायजोगं तोंड घेऊन.
आणि त्या टीव्हीतल्या कुस्तीत
कुणाचा बाप कमिटीच्या तंबूमागं
एकच बिडी विझवत, पेटवत उभा नसतो.

माझा असायचा.

कडोलीचं मैदान. तीन नंबरची जोड,
मी आणि हुक्केरीचा शिद्राम.
आदल्या रात्री निरोप आला होता:
वीस मिनिटं खडाखडी, मग बरोबरीत सोडवू,
दोघांना सारखं पाकीट.
आमच्या आधीच्या दोन कुस्त्या अशाच सुटल्या,
लोकांनी फेटे उडवले.

सतराव्या मिनिटाला शिद्रामची पकड सैल लागली.
हलगीनं म्हणा, त्या बिडीच्या वासानं म्हणा,
मला राहवलं नाही.
ढाक लावली.
त्याची पाठ अख्खी मातीला टेकली,
आणि खांदा निसटल्याचा आवाज
मला ऐकू आला,
फक्त मला.

वरून चपला पडायला लागल्या.
नुरा! नुरा! सोडा रे, नुरा हाय!
दिवसभरातली एकच खरी कुस्ती
आणि तेवढीच त्यांना खोटी वाटली.
बाप म्हणाला, आता पाकीट परत मागतील.

मागितलं.

शिद्राम आता संकेश्वरला कारखान्याच्या गेटवर असतो.
महिन्यातून एकदा येतो, कोपऱ्यात बसतो.
उजवा खांदा उतरलेला, ग्लास डाव्या हातानं.
पाऊस, उसाचा दर, पोरीचं बी.एड.,
आम्ही सगळं बोलतो.
कडोली सोडून.

गेल्या शनिवारी मी त्याचा ग्लास तिरका धरला.
म्हटलं, ह्या माणसाला तरी भेसळ नको.
काठोकाठ भरला, वर एक बुडबुडा नाही.
त्यानं ग्लासाकडं बघितलं, मग माझ्याकडं.
'नोरी एल्लो?'

माझा हात बाटलीवर तसाच राहिला.
बावीस वर्षं झाली, आणि आज ह्यानं विचारलं.
मैदान, चपला, सगळं कानात.
'नुरा नव्हती रे,' मी म्हणालो,
'आईशप्पथ नव्हती.'

तो गोंधळला.
ग्लासावर बोट गोल फिरवून
कापूस दाखवतात तसं दाखवलं.
'नोरी, नोरी.'

कानडीत फेसाला नोरी म्हणतात.
हे मला शाळेच्या आधीपासून येतं.

मग दुसरा ग्लास आणला,
बाटली खांद्याएवढी उंच धरली आणि ओतली.
फेस ग्लासातून टेबलावर,
टेबलावरून मास्तरांच्या वर्तमानपत्रावर.
टीव्हीत कोणीतरी मेलं, बार ओरडला.
शिद्रामच्या मिशीला पांढरं लागलं
आणि तो हसला,
मी काय बोललो ते कळल्यासारखा
किंवा न कळल्यासारखा.

सांडलेलं मी फडक्यानं टिपलं.
पहिला ग्लास काउंटरमागं नेऊन
उभ्याउभ्या पिऊन टाकला.
बिलात धरला नाही.